दोन दिवसांचे तंजावर

अनोळखी शहरात दोन दिवस राहून त्याविषयी मत देऊ नये, असे जाणते लोक सांगतात. पण दोन दिवसांत शहर कळत नसले, तरी आपण तिथे काय शोधत होतो ते मात्र चांगले कळते. गेल्या डिसेंबरात तंजावरला जाऊन आल्यापासून हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमचा पस्तीस जणांचा गट होता, सगळे पुण्या-मुंबईकडचे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि उजाडताना खिडकीबाहेर नजर पोहोचेल तिथवर भातशेती दिसू लागली. कावेरीच्या या सपाट, ओल्या प्रदेशाला तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणतात. दख्खनच्या खडकाळ मुलखातून आलेल्या माणसाला हे पाणी पाहून आधी हेवाच वाटतो. गटातल्या एका काकांना मात्र वेगळीच घाई होती. स्टेशनवर उतरताच त्यांनी गाइडला विचारले, "इथे आपलं काय काय आहे, ते आधी सांगा." हसू आले, पण खरे सांगायचे तर माझाही प्रश्न तोच होता.

आधी बृहदीश्वराचे मंदिर. राजराज चोळाने बांधलेले, १०१० साली पूर्ण झालेले. विमानाची उंची २०० फुटांहून अधिक आणि सगळे ग्रॅनाइटमध्ये. फोटो शेकडो पाहिले होते. पण आवारात शिरल्यावर मान वर करून करून दुखते, हे फोटोत नसते. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे गाइडने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. दुपारचे चार वाजले होते आणि आम्ही सगळे त्याच सावलीत उभे होतो. कोणी काही बोलले नाही. संभाजीराजांच्या नावावरून सांबार हा शब्द आला, ही गोष्टही त्याने लगेच जोडून दिली आणि ती ऐकून आमचे काका प्रसन्न झाले. गाइडचा दोष नाही. पाहुण्याला जे ऐकायचे असते तेच तो ऐकवतो.

याच मंदिराच्या भिंतींवर चोळांचे तमिळ शिलालेख आहेत. त्यांतल्या एकात मंदिरासाठी आणलेल्या ४०० नर्तकींची यादी आहे: प्रत्येकीचे नाव, कुठल्या गावच्या मंदिरातून आली ते, आणि तिला कुठल्या रस्त्यावर कितवे घर दिले तेही. हजार वर्षांपूर्वीच्या राजाने नाचणाऱ्या बायकांची नावे दगडात कोरून ठेवली! आमच्या गटाने या भिंतीसमोर दोन मिनिटेही घालवली नाहीत. ती 'आपली' नव्हती ना.

आपल्याला व्यंकोजी माहीत असतो तो शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ म्हणून. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेत उतरले, वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून दोघांत बिनसले, आणि शालेय पुस्तकातला व्यंकोजी तिथेच संपतो. तंजावरची गोष्ट मात्र तिथून सुरू होते आणि १८५५ मध्ये कंपनीने राज्य खालसा करेपर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालते. या भोसल्यांनी काय केले? व्यंकोजीचा मुलगा शहाजी याने तेलुगूत नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, त्यात तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी पोथ्यांशेजारी युरोपातून मागवलेली पुस्तके ठेवली, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह करवून घेतल्या. त्याच्या दरबारातल्या चार नटुवनार बंधूंनी ज्या नृत्याला शिस्त लावली, ते आज भरतनाट्यम म्हणून जग ओळखते. यातले 'आपले' कुठले आणि 'त्यांचे' कुठले? मला वाटते, तंजावरच्या भोसल्यांचे मोठेपण हेच, की त्यांनी हा प्रश्न विचारण्यात फारसा वेळ घालवला नाही. आपण मात्र त्यांच्या गावी जाऊन नेमका तोच विचारतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच पुन्हा मंदिरात गेलो. आवाराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीने कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत, देवनागरी अक्षरांत, प्रचंड लांबीचा. आदल्या दिवशी गटाने त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले होते. वाचला कोणीच नव्हता. मी बोटाने ओळ धरून वाचत होतो, तर मागून एका वृद्ध बाईंनी विचारले, तुम्हाला हे वाचता येते का? विचारले मराठीतच, पण हेल पूर्ण तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे घर तंजावरचे. घरात मराठी बोलतात, शाळा मात्र सगळी तमिळमधून झाली. लहानपणापासून या भिंतीजवळून त्या जात आल्या होत्या, आणि तिच्यावरची भाषा आपली आहे हे त्यांना ठाऊक होते. अक्षरे तेवढी येत नव्हती.

"वाचून दाखवता का, आजींसाठी?" बरोबरच्या नातीने इंग्रजीत विचारले.

मला अक्षरे येत होती, पण दोनशे वर्षांपूर्वीची ती दरबारी मराठी धड कळत नव्हती. तरी अडखळत वाचू लागलो. आजी मधेच थांबवून एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावत आणि मान डोलवून नातीला त्याचा अर्थ तमिळमध्ये सांगत. दोनदा तर तो मलाही त्यांच्याकडूनच कळला. दहा-बारा ओळी झाल्या असतील. तेवढ्यात काकांचा फोन आला: बस सुटते आहे, सगळे खोळंबलेत.

आजी भिंतीकडे पाहत होत्या. पुढे काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. भिंत अजून कितीतरी लांब होती.