घरचे दप्तर आणि दुसरे छप्पर

ज्या वस्तूची जगात एकच प्रत असते, ती टिकते केवळ दैवाच्या मर्जीने. दगडावर कोरलेला लेखही या नियमाला अपवाद नाही. रतनपूर व रायपूर येथील कलचुरी राजांच्या शिलालेखांनी शतकानुशतके ऊनपाऊस सोसला. परंतु नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरी-चेदी काळातील लेखांचा बृहत् संग्रह ठशांसह प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्या लेखांचा मजकूर एकट्या दगडावर विसंबून राहिला नाही. उद्या एखादी शिळा भंगली, तरी तिचा पाठ अनेक नगरांतील ग्रंथालयांत सापडेल.

आजच्या घरगुती दप्तराला ही सुरक्षितता लाभलेली नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडात आला, तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. छत्तीसगडी शब्द सहज मिसळलेली त्यांची मराठी, आजीच्या तोंडची जात्यावरची गाणी, मंगलकार्यांची छायाचित्रे हे सारे आता बहुधा मोबाइलमध्ये किंवा एखाद्या हार्ड डिस्कवर असते. मोबाइल नवा घेता येतो. दिवंगत आजीचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही.

ही साधने स्वभावतःच अल्पायुषी आहेत. हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय तबकडीवर वाचनशीर्ष अतिसूक्ष्म अंतरावरून तरंगत असते. एका धक्क्याने तबकडी ओरखडली जाऊ शकते. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते. तो भार वर्षानुवर्षे झिरपत जातो आणि उष्णतेत अधिक लवकर झिरपतो. रायपूरच्या वैशाखातील उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे चिरंतन ठेव नव्हे.

या दुर्बलतेवर विज्ञानाने एक सुंदर उपाय शोधला आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व काट्झ या संशोधकांनी अनेक स्वस्त डिस्कचा एकत्रित संच वापरण्याची पद्धत मांडली. तिचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल. पहिल्या डिस्कवर ७ हा अंक आहे, दुसरीवर ५. तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवावी. पहिली डिस्क निकामी झाली, तर १२ मधून ५ वजा करून हरवलेला ७ परत मिळतो. यंत्र प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवते, एवढाच फरक.

परंतु येथेच एक घातक गैरसमज उद्भवतो. असा संच घरी आणला की दप्तर सुरक्षित झाले, असे मानले जाते. वस्तुतः हा संच एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचवितो. मनुष्याच्या चुकीपासून नव्हे. एखाद्याने लग्नाची छायाचित्रे अनवधानाने पुसली, तर आज्ञाधारक संच ती सर्व डिस्कवरून तत्काळ पुसतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा उपद्रवी प्रोग्रॅम शिरला, तरी तेच घडते. आग, पूर, चोरी यांना तर संपूर्ण पेटी एकदमच सापडते. संच म्हणजे मजबूत कपाट होय. राखीव प्रत नव्हे.

एकाच छपराखाली सारे ठेवण्याचा परिणाम पुण्याने पाहिला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी तेथील फिल्म संस्थेच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिती जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर काढल्या होत्या, ते वाचले. मूळ फिती मात्र कायमच्या गेल्या. दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सप्टेंबर २०२५ मध्ये शासकीय माहिती-केंद्राला आग लागली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायलींचे ८५८ टेराबाइटचे भांडार नष्ट झाले. आकारमान फार मोठे, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. साधनसंपन्न शासनाची ही गत, तर एका कपाटावर विसंबलेल्या घराची काय कथा!

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम म्हणूनच प्रत्येक घराने पाळावा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. रायपूरच्या मराठी घरांना हे दुसरे ठिकाण शोधावयास दूर जावे लागत नाही. १९५६ पर्यंत रायपूरचा राज्यकारभार नागपुरातूनच चाले, आणि आजही अनेक घरांचे आप्त नागपूर-पुण्याकडे आहेत. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीने परत जाताना चिवड्याच्या डब्याबरोबर एक हार्ड डिस्कही न्यावी आणि पुढच्या खेपेला ती बदलून न्यावी. भाडोत्री ऑनलाइन साठाही उपयोगी आहे. परंतु भाडे थकले किंवा परवलीचा शब्द विसरला की तोही दुरावतो, म्हणून तो एकमेव आधार असू नये.

प्रत काढून कर्तव्य संपत नाही. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे म्हणणे धाडसाचे होय. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर म्हणा, प्रत्येक डिस्क जोडून चार फायली उघडून पाहाव्यात आणि जुनी झालेली साधने बदलावीत. शाळांनी हा पाठ संगणकाच्या तासाला प्रत्यक्ष करवून घ्यावा. सार्वजनिक ग्रंथालयांनीही एक पाऊल पुढे टाकून जुन्या गाण्यांचे व बोलीचे ध्वनिमुद्रण कुटुंबांच्या संमतीने स्वतःकडे जतन करावे; कारण हे धन एका घराचे असले, तरी त्याची हानी साऱ्या समाजाची असते.

हे सर्व साधण्यास खर्च थोडा आणि शिस्त अधिक लागते. आणि ती शिस्त डिस्क बिघडण्यापूर्वीच अंगी बाणावी लागते. नंतर तिचा उपयोग नाही.