आधी माणूस मान्य करा, मग श्वास शिकवा

‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या,’ असं समलिंगी मुलाला सांगून पुढच्याच वाक्यात ‘लग्न झालं की सुटेल हे’ म्हणणाऱ्या समुपदेशकांनी हा व्यवसाय नासवला आहे. मी मनोपचारतज्ज्ञ आहे, शरीराच्या अंगानं आघातावर काम करते. म्हणूनच गप्प बसणार नाही.

धोका दिसला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं. धोका टळला तरी ही सावधगिरी अनेकदा अंगातून उतरत नाही. आघाततज्ज्ञ पीटर लिव्हाइन, बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी हे वर्षानुवर्षं मांडलं. पण ज्याचा धोका टळलेलाच नाही, त्याचं काय? केसपेपरवरचं जुनं नाव पुकारलं की ट्रान्स मुलाचे खांदे कानांना भिडतात, जबडा आवळतो, श्वास गळ्याशी अडकतो. त्याला हवे तेवढे व्यायाम शिकवा. जाताना पुन्हा तेच नाव पुकारलंत की सगळं पाण्यात.

माझ्या खोलीत खुर्ची येणाऱ्यानं निवडायची. अनेक जण दाराजवळचीच निवडतात. मग नजर सावकाश खोलीभर फिरू द्यायची, बाहेरची वाट दिसू द्यायची, तळव्यांखालची जमीन जाणवू द्यायची. नाव तो सांगेल तेच. स्पर्श विचारूनच, आणि ‘नको’ म्हटलं की विषय संपला. एवढं झाल्यावर कधीतरी खांदे आपोआप खाली येतात. हा रामबाण उपाय नव्हे; औषधांची गरज असेल तिथे मी मनोविकारतज्ज्ञाकडेच पाठवते. पण मान्यतेशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही.

‘समुपदेशकानं तटस्थ असावं’ हा युक्तिवाद मला ऐकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक मूल्यांत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं लैंगिक कल किंवा ओळख बदलू पाहणाऱ्या ‘कन्व्हर्जन थेरपी’ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. प्रश्न निकालात निघाल्यावर तटस्थ राहणं ही शुद्ध पळवाट आहे. दलित विद्यार्थिनी वसतिगृहातला अपमान सांगत असताना ‘इथे जात नको’ म्हणणाराही त्याच माळेचा मणी.

आयोगाचा वचक डॉक्टरांवर. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्या बाकीच्यांना कोण जाब विचारणार? त्यांच्यासाठीही तितकाच कडक नियम हवा, आणि तो आत्ताच हवा.

तोवर पालकांनो, पहिल्याच भेटीत विचारा: ‘माझं मूल जसं आहे तसं तुम्हाला मान्य आहे का?’ समोरचा घुटमळला तर मुलाला घेऊन तडक बाहेर पडा. डॉक्टर असून ‘बदलून देतो’ म्हणाला, तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करा.