अंगठ्याचं हाड आणि बाईची रजा

बाईच्या दुखण्यांची यादी करायला बसलं, तर पाय सगळ्यात शेवटी येतात. कंबर, गुडघे, अंगावरून जाणं यांवर आपण शिबिरं घेतो. पायांकडे बघायचं राहून जातं. गिरीजच्या वाड्यांमधून काम करताना अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड आणि शेजारच्या बोटावर कललेला अंगठा मला अनेकींच्या पायांत दिसतो. कोणी पहाटे भाजी-फुलं घेऊन निघते, कोणी विरार लोकलमध्ये दादरपर्यंत उभी राहते आणि पुढे दिवसभर दुकानात उभीच असते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हाड वाढलंय, वय झालं." डॉक्टर याला 'बनियन' म्हणतात. हा शब्द ऐकून बैठकीत हशा पिकतो आणि दुखणं त्या हशातच विरून जातं.

खरं तर हाड वाढत नाही, सरकतं. पंजाचं पहिलं लांब हाड आतल्या बाजूला झुकतं आणि अंगठा इतर बोटांकडे वळतो. तयार झालेल्या कोपऱ्यावर चप्पल घासते, सूज येते. २०१० साली अनेक पाहण्या एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात हे दुखणं सुमारे ३० टक्के स्त्रियांत, तर १३ टक्के पुरुषांत आढळलं. लगेच म्हटलं जातं, "उंच टाचांची हौस!" अरुंद पादत्राणांचा दोष आहेच. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी जेमतेम २ टक्क्यांना हा त्रास होता. पण पायाची ठेवण आई-आजीकडूनही येते. शिवाय नोकरीच्या गणवेशातला निमुळता बूट ही कोणत्या बाईची हौस?

उपचार दोन प्रकारचे आहेत. शस्त्रक्रियेविना : पुढून रुंद, मऊ तळाची चप्पल, हाडावर गादी, बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा, बर्फाचा शेक, पायाला विश्रांती. यानं वेदना कमी होते. मोठ्या माणसाचा वाकलेला अंगठा सरळ होत नाही. रात्री बांधायच्या पट्ट्या 'अंगठा सरळ करू' म्हणून विकल्या जातात, त्यांवर पैसे घालवण्याआधी हे लक्षात ठेवावं. शस्त्रक्रियेत हाड कापून जागेवर आणतात आणि बहुधा स्क्रूने बसवतात. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांना सर्वांत जास्त आराम होता. मात्र साधारण सहा आठवडे खास बूट घालून जपून वावरावं लागतं, सूज कित्येक महिने राहू शकते, कधी अंगठा पुन्हा वळतो. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ते आधी तपासायला हवं. वेदना नसेल तर केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून, लग्न ठरवण्यासाठी म्हणून, ही शस्त्रक्रिया करू नये.

माझा मुद्दा पुढचा आहे. 'पायाला विश्रांती द्या' आणि 'सहा आठवडे जपा' हे दोन्ही सल्ले रजा असलेल्या माणसासाठी आहेत. रोजंदारीवरच्या बाईचे सहा आठवडे म्हणजे सहा आठवड्यांची मजुरी. घरातल्या कामाला तर रजाच नाही. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये असला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाईचा असला की ती एका पायावर उभी राहून भाकरी थापते. म्हणून ती दुखणं सोसते आणि आपण त्याला तिची सोशिकता म्हणतो!

यात संघटनेचं काम आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचं कलम होतं, पण दुकानातली विक्रेती त्यात येत नव्हती. केरळात कोळिकोडच्या विजी आणि त्यांच्या 'पेनकूट्टू' संघटनेनं कापड दुकानांतल्या बायकांसाठी 'बसण्याचा हक्क' मागितला. २०१८ मध्ये केरळनं आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनं दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. साध्या स्टुलासाठी वर्षानुवर्षं लढावं लागलं, हे विसरू नये.

मैत्रिणींनो, पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाबरोबर पायही तपासू या. आपल्या भागातल्या किती दुकानांत विक्रेतीला बसायला जागा आहे, याची नोंद करू या. आणि एखादीची शस्त्रक्रिया ठरली, तर तारीख घेण्याआधी घरच्यांना बसवून विचारू या, सहा आठवडे पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार? याचं उत्तर मिळालं, तरच तिला उपचाराची खरी निवड करता येईल.