दिंडीतला जनरेटर : उजेड हवा, धूर नको



ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. पेरणी उरकून, नाहीतर ती घरच्यांवर सोपवून, आपल्यापैकी कितीतरी जण दिंडीबरोबर चालू लागतात. देहू आमच्या ताथवड्यापासून जवळच, त्यामुळे दिंड्यांचे ट्रक भरताना नेहमी पाहावयास मिळतात. तंबू, ताडपत्र्या, शिधा, भांडीकुंडी आणि आता जोडीला एक जनरेटर. पंढरपूर येईपर्यंत हा ट्रक म्हणजे वारकऱ्यांचे फिरते घरच असते. दिवे, कीर्तनाचा कर्णा, पाण्याची मोटर, मोबाइल, सारे त्या एका यंत्रावर चालते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मुक्कामी रात्री पाऊस लागला. यंत्र भिजू नये म्हणून पोरांनी पेट्रोलचा लहान जनरेटर ताडपत्रीच्या आत ओढून घेतला. शेजारीच दोन आजीबाई निजल्या होत्या. पहाटे काकड्याला उठवू लागलो तर दोघींचे डोके जड झालेले, एकीला ओकाऱ्या सुरू. जो तो म्हणाला, चालण्याचा शीण आहे, पित्त झाले असेल. यंत्राकडे लक्ष जाताच त्यांना उघड्यावर आणले आणि दवाखान्यात नेले. दोघीही बऱ्या झाल्या. आणखी दोन तास गेले असते तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही. डिझेलच्या इंजिनातून हा वायू कमी निघतो, पण निघतोच. तेव्हा पहिला नियम पक्का बांधा : जनरेटर तंबूपासून, ट्रकपासून, खिडकी-दारापासून निदान वीस फूट दूर ठेवावा. धुराची नळी माणसांच्या उलट दिशेला असावी आणि वारा फिरला तर यंत्रही फिरवावे. पाऊस असेल तर चार खांबांवर नुसते छत करावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. खाली विटा वा फळी घालावी. सर्वांनी पाठ टेकली की यंत्र बंद करावे. रात्रीपुरते बॅटरीचे वा सौर कंदील पुरतात.

एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, चक्कर वा मळमळ होऊ लागली, तर शीण म्हणून सोडू नका. यंत्र बंद करा, माणसांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

आता यंत्राची निगा. रोज सहा तास चालले तर अठरा दिवसांत १०८ तास होतात. पुष्कळशा लहान इंजिनांचे ऑइल शंभर तासांनी बदलावे लागते. म्हणजे एका वारीतच त्याची मुदत संपते. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल तर त्याहून बरेच आधी बदलतात. आपल्या यंत्राचे पुस्तक पाहून तास वहीत मांडावेत. सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी पाहावी. पालखीच्या वाटेवर धूळ फार, म्हणून एअर फिल्टर रोज झटकावा. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून पुरते निवू द्यावे. तापल्या इंजिनावर चार थेंब सांडले तरी भडका उडतो. पेट्रोलचा कॅन चुलीजवळ वा निजण्याच्या जागी ठेवू नये.

५ केव्हीएच्या जनरेटरवर साधारण ४ किलोवॉट भार चालतो. दीर्घकाळ चालवताना ३ किलोवॉटवर थांबावे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विजेचा प्रवाह ओढते. म्हणून मोटर आधी, दिवे मागाहून. वायरचे जोड चिखलात लोळू देऊ नयेत आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी अवश्य बसवावा.

वारीहून परतल्यावर हेच यंत्र घरी गोठ्यात येते. तेथेही धुराचा नियम तोच. गाईगुरांनाही तो वायू तितकाच घातक आहे. शिवाय घराच्या वायरिंगला जोडायचे तर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसली, तर आपली वीज उलटी तारेवर जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्ट होऊन बाहेर पडते. तिकडे खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असे समजून हात घालतो. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

दिंडीत विणेकरी नेमतात, चोपदार असतात. तसा जनरेटरचाही एक माणूस नेमा. वही, चावी आणि जबाबदारी त्याच्याकडेच असू द्या.

रामकृष्ण हरी.