दोन रेषांमधले रायपूर

प्रशासनात मोठा निर्णय घेण्यापूर्वी नकाशा समोर ठेवावा, असे सर्वजण सांगतात. तो वाचावा कसा आणि तो काय सांगत नाही हे ओळखावे कसे, याचे शिक्षण मात्र अधिकाऱ्यांना फारसे मिळत नाही. शाळेच्या भूगोलात समोच्च रेषा आपण सर्वांनीच गिरवलेल्या असतात. परीक्षा संपली की त्या विस्मरणात जातात. पुढे त्याच वर्गातला एखादा विद्यार्थी जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा नगररचनाकार होतो आणि पावसाळ्यात कोणाची घरे कोरडी राहणार, कोणाची पाण्यात जाणार, हे त्याच्या सहीवर ठरू लागते. म्हणून हा विषय केवळ भूगोलाचा नसून प्रशासनाचा आहे, असे मला वाटते.

प्रथम उजळणी करू. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. लागोपाठच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक म्हणजे समोच्च रेषांतर. हे अंतर उभे असते, कागदावर पट्टीने मोजायचे आडवे अंतर नव्हे. एका नकाशावर ते सर्वत्र सारखे असते. त्यामुळे रेषा दाटीने आल्या की चढ तीव्र, आणि विरळ झाल्या की उतार सौम्य. ओढा ओलांडताना रेषा वाकतात व त्यांचे टोक उगमाकडे रोखलेले असते. एवढे ध्यानात ठेवले तरी पाणी कोठून कोठे जाईल, हे नकाशावरून सांगता येते.

आपल्याकडे हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. १७६७ मध्ये स्थापन झालेला हा देशातील अत्यंत जुन्या सरकारी विभागांपैकी एक होय. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला निवर्तला, हे पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसते. या विभागाचे नेहमीच्या वापरातले पत्रक १:५०,००० प्रमाणाचे असते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यावरील समोच्च रेषांतर साधारणतः २० मीटर आणि उंच पर्वतप्रदेशात ४० मीटर असते.

आता रायपूरकडे वळू. २१ अंश १५ मिनिटे ही अक्षांश रेषा या शहरातूनच जाते आणि पत्रकाची कडही तेथेच येते. परिणामी शहराचा उत्तरेकडचा भाग ६४ जी/११ या पत्रकावर, तर दक्षिणेकडचा ६४ जी/१२ वर येतो. एकच पत्रक मागवणाऱ्याला अर्धेच शहर मिळते. शहराची उंची सुमारे २९८ मीटर असून भोवताली छत्तीसगडचे सपाट मैदान आहे. पश्चिमेकडून खारून नदी वाहते, ती पुढे शिवनाथला व शिवनाथ महानदीला मिळते. अशा मैदानात २० मीटर अंतराने रेषा काढल्या, तर शहराच्या वाट्याला त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच येतात. पाहणारा म्हणतो, सगळे सपाट आहे, कोठेही बांधा.

ही समजूत किती फसवी आहे, यासाठी दोन साधी गणिते पाहावीत. बस्तरमधील चित्रकोटचा धबधबा सुमारे २९ मीटर उंच आहे. २० मीटर रेषांतराच्या नकाशावर तेथे एक, फार तर दोन रेषा येतील. १९ मीटर उंचीची टेकडी दोन रेषांच्या मध्ये बसली, तर समोच्च रेषांमध्ये ती दिसणारच नाही. दुसरे गणित गटाराचे. एक किलोमीटर लांबीच्या नाल्याला पाचशेस एक असा उतार द्यायचा, तर एकूण उतार भरतो दोन मीटर, म्हणजे रेषांतराचा दहावा हिस्सा. ज्या फरकावर वस्तीचा निचरा अवलंबून आहे, तो या नकाशात मावतच नाही. नकाशा खोटा नसतो. तो ज्या कामासाठी काढलेला नाही, त्या कामाला आपण त्याला जुंपतो.

हा बारीक फरक येथील शेतकऱ्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छत्तीसगडमध्ये जमिनीची नावेच उंचीप्रमाणे पडली आहेत. सर्वांत वरची मुरमाड ती भाठा, त्याखाली मटासी, मग डोरसा, आणि सखल भागातली काळी, पाणी धरणारी ती कन्हार. कोणत्या जमिनीत धान लावावे आणि कोठे पाणी तुंबेल, हे त्या नावातच आले. धानाच्या शेताचा प्रत्येक बांध ही एक प्रकारे जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच होय. रायपूरचा बूढा तालाब किंवा तेलीबांधा यांसारखे तलावही उतार पाहून, वाहते पाणी अडवून झाले आहेत. रावणभाठा, भाठागाव ही नावे आजही शहरात आहेत. त्यांचा अर्थ विचारणारे कमी झाले, इतकेच.

खरी अडचण दप्तरात आहे. पटवाऱ्याच्या खसरा नकाशात जमीन कोणाची हे कळते, पण ती किती उंचीवर आहे हे कळत नाही. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकात उंची असते, पण मालकी नसते. वसाहतीच्या आराखड्याला परवानगी दिली जाते ती मुख्यतः पहिल्या नकाशावर. मग सखल भूखंडावर प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा वीतभर जास्त मुरूम टाकतो, रस्त्यावर दरवेळी नवा थर चढतो, आणि ज्याचे घर आधी झाले त्याच्या उंबऱ्यात पाणी शिरते. तक्रार येते ती ‘नाली साफ होत नाही’ अशी. नाली साफ करून भागत नाही, कारण कित्येकदा तिचा उतारच उलटा असतो.

यावर उपाय म्हणून अलीकडे संगणकावर काढलेले एक मीटर, अर्धा मीटर रेषांतराचे देखणे नकाशे सादर होतात. येथे अधिकाऱ्याने सावध राहावे. २००० सालच्या अमेरिकी अंतराळयान मोहिमेची किंवा २००५ मध्ये सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ ची उंचीविषयक माहिती मोफत मिळते व ती उपयुक्तही आहे. पण तिच्यात काही मीटरांची चूक गृहीतच असते, शिवाय झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही कित्येकदा जमीन म्हणून मोजली जातात. अशा माहितीवरून संगणक हव्या तितक्या बारीक रेषा काढून देईल, त्यामुळे मोजणी बारीक होत नाही. ‘या उंच्या कोणी, केव्हा, कशाने मोजल्या?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय असा नकाशा स्वीकारू नये.

सर्वत्रच बारीक रेषांतर हवे, असा माझा आग्रह नाही. बैलाडिल्याच्या डोंगरावर एकेक मीटरची रेषा काढली, तर कागद काळा होईल. रेषांतर कामावरून ठरवावे. पूर्वी नकाशांवरील निर्बंधांचे कारण पुढे करता येत असे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते बरेचसे दूर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील रायसेनहून ‘नक्शा’ हा शहरी भूमापनाचा कार्यक्रम सुरू झाला आहे. विमानातून व ड्रोनने मोजणी होणारच असेल, तर मालकीच्या सीमांबरोबर उंचीही नोंदवून घ्यावी. दुसऱ्यांदा तोच खर्च कशासाठी?

माझ्या सूचना तीन आहेत. वसाहतीच्या परवानगीच्या अर्जासोबत प्रत्यक्ष लेव्हल घेऊन काढलेला, अर्ध्या मीटर रेषांतराचा नकाशा सक्तीचा असावा. शासनाकडे येणाऱ्या प्रत्येक नकाशावर उंचीच्या माहितीचा स्रोत व अचूकता लिहिलेली असावी. आणि खसरा नकाशावर या रेषा चढवून तो नागरिकांना पाहण्यास खुला असावा. या तिसऱ्या सूचनेला विरोध होईल, हे मी जाणून आहे. सखल जमीन सखल आहे हे सर्वांना दिसले, की तिचा भाव उतरतो. पण आज हा तोटा कोण सोसतो? स्वस्त म्हणून तीच जमीन घेणारा नवखा माणूस. परगावाहून नोकरीसाठी आलेला, ना भाठा ठाऊक ना कन्हार.

आपल्यापैकी अनेक वाचक असेच परमुलखात घर बांधतात. रायपूर असो वा इंदूर, भूखंडाचे कागद तपासताना मालकीबरोबर त्याची लेव्हलही विचारावी, आणि शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला त्या जमिनीचे जुने नाव विचारावे. ही चौकशी शासनानेच करून ठेवायला हवी. तोपर्यंत ती ज्याची त्याने करावी, हे उत्तम.