पाना मालकाच्या हाती, किल्ली कंपनीच्या

भिवंडी : मोटारीच्या तापमानाचा काटा वर चढतो, बॉनेटखालून वाफ निघते आणि गॅरेजमधील मिस्त्री ऑइलच्या झाकणाला चिकटलेला दुधट साका दाखवून ‘हेड खोलावे लागेल’ असा निर्वाळा देतो. बारा-तेरा वर्षे वापरलेल्या छोट्या मोटारीच्या मालकासाठी हा क्षण मोठ्या अडचणीचा असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरचे अंदाजपत्रक मोटारीच्या बाजारभावाच्या आसपास जाऊन पोहोचते आणि विकायला काढावी, तर बिघडलेल्या इंजिनासह तिला भंगाराचाच भाव मिळतो. अशा वेळी ‘आपणच उघडून पाहिले तर?’ हा प्रश्न मनात येतोच. एकेकाळी तो हौशी मंडळींचा प्रश्न होता. आज त्यामागे हिशेब आहे.

हा हिशेब गेल्या काही वर्षांत बदलत गेला आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठीचे हे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेले. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. नवी मोटार स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, मात्र ते काम स्वस्तातले आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. या इंधनाविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ऑगस्ट २०२१ मध्ये घोषित झालेले वाहन भंगार धोरण जमेस धरले, तर सरकारी धोरणाची दिशा स्पष्ट दिसते. जुने वाहन सोडा, नवे घ्या. प्रदूषणाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. मात्र ज्याला नवे परवडत नाही, त्याच्यासमोर दुरुस्ती हाच मार्ग उरतो आणि त्या मार्गाबद्दल धोरण फारसे बोलत नाही.

भिवंडीत हा विषय अधिक ठळकपणे दिसतो, कारण हे शहर दुरुस्तीवर जगत आले आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील विणकामाचा मोठा वाटा येथील यंत्रमागांकडे वळला. साधे, जुने माग वर्षानुवर्षे चालते ठेवण्याचे काम जॉबरने केले. जॉबरकडे अभियांत्रिकीची पदवी नसते. मागाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याचे कसब असते. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या भागांत गोदामे वाढली, मुंबई-नाशिक महामार्गावर मालमोटारींच्या रांगा लागू लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर यांची दुकानेही आली. त्यामुळे येथे इंजिन उघडायला बसणारा नवखा मालक अगदीच एकाकी नसतो. चुकले तर विचारायला कोपऱ्यावर कोणीतरी असते. उच्चभ्रू गृहसंकुलाच्या तळघरातील पार्किंगमध्ये ही सोय नाही.

प्रत्यक्ष काम किती अवघड? सुट्टे करणे हा त्यातला सोपा भाग आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन किंवा त्याच्या जवळच्या नात्यातली इंजिने घेतली, तर बॅटरी सोडवणे, कूलंट काढणे, मॅनिफोल्ड आणि पट्टा उतरवणे, हेडचे बोल्ट सैल करणे ही कामे धीराच्या माणसाला जमतात. प्रत्येक नळी आणि वायरला चिठ्ठी लावली, प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घेतले आणि बोल्ट ज्या जागेचे त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले, तर निम्मे गोंधळ टळतात. जुन्या मिस्त्रींना ही शिस्त हास्यास्पद वाटते. त्यांच्या हातांना ती गरजेची नाही. नवख्याला आहे.

खरी परीक्षा मोजमापात असते. इंजिन अतितप्त झाले की ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हा बाक डोळ्यांना दिसत नाही. सरळ पट्टी आडवी धरून तिच्याखाली फिलर गेज सरकवून तो मोजावा लागतो. अनेक छोट्या इंजिनांत त्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ती ओलांडली असेल, तर हेड यंत्रावर घासून सपाट करणे, अर्थात फेसिंग करणे, भाग आहे. हे काम घरी होत नाही. नवे गॅस्केट घालून वाकलेले हेड तसेच बसवले, तर काही आठवड्यांत तोच धूर आणि तोच साका परत येतो. हेडचे बोल्ट सोडवताना बाहेरून आत आणि आवळताना मधून बाहेर, तेही दोन-तीन टप्प्यांत, ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचे असतात. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात. टायमिंगचा पट्टा एका दात्याने चुकला तर इंजिन नीट चालत नाही. अधिक चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि गॅस्केटच्या दुरुस्तीचे रूपांतर ‘फुल इंजिन कामा’त होते. म्हणूनच पट्टा चढवल्यावर इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे, मगच चावी लावावी, असे जाणकार सांगतात.

हेडच्या खाली उतरायचे, म्हणजे रिंग, पिस्टन, बेअरिंग आणि क्रँक यांना हात घालायचा, तर पहिल्याच प्रयत्नात ते टाळलेले बरे. तेथे सिलिंडरचे बोअर मोजायला डायल गेज लागतो, इंजिन उचलायला चेन-पुली लागते आणि चूक झाल्यास नुकसान काही मिनिटांत होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटर व्हेईकल मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, तो उगाच नाही. नवख्याने उघडणे, साफ करणे, जोडणे स्वतः करावे आणि मोजणे, घासणे, बोअर करणे लेथवाल्याकडे सोपवावे, ही विभागणी व्यवहार्य ठरते. भिवंडीत ती शक्य आहे, कारण लेथ हाकेच्या अंतरावर असतो. मजुरीतील बचत खरी असते. मात्र सुट्टीच्या दोन दिवसांत संपेल असे वाटणारे काम दोन-तीन आठवडे लांबते आणि तेवढे दिवस मोटार उघड्या रस्त्यावर, पावसाच्या भरवशावर पडून राहते.

पावसाची आणखी एक बाजू आहे. कामवारी नदीला पूर आला की भिवंडीच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते आणि उभ्या मोटारी बुडतात. पाणी ओसरल्यावर मालक सवयीने चावी फिरवतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचलेले इंजिन मालकाच्याच हातून मोडते. अशा नुकसानीला विमा कंपन्या ‘परिणामी हानी’ मानतात. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले नसेल, तर भरपाईची आशा कमी. बुडालेली मोटार सुरू न करता प्लग काढून इंजिन हाताने फिरवणे, पाणी बाहेर काढणे आणि ऑइल बदलणे ही नवख्यालाही झेपणारी आणि सर्वाधिक पैसे वाचवणारी दुरुस्ती आहे.

दुसरा मोह असतो तो जुने इंजिन आणून बसवण्याचा. कुर्ल्याच्या बाजारात भंगारात निघालेल्या मोटारींची इंजिने मिळतात. पण इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि नोंदणी प्रमाणपत्रातही तोच असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परिवहन कार्यालयाला अंधारात ठेवून करता येत नाही. इंजिन कोठून आले याची पावती नसेल, तर स्वस्तातला हा सौदा पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतो.

इथपर्यंतच्या अडचणी लोखंडाच्या आहेत आणि लोखंड शिकता येते. पुढची अडचण वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-४ वरून थेट भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि इंजिनाचा कारभार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात संगणकाच्या हाती गेला. इंजिन अचूक जोडले, तरी काही भाग बदलल्यावर त्यांची ओळख त्या संगणकाला करून द्यावी लागते. त्यासाठीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या जाळ्यात असते. बाजारातला स्वस्त स्कॅनर बिघाडाचा कोड वाचतो, पण प्रत्येक कोडामागचे कारण सांगत नाही. मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरमधील हवेचा दाब असतो. हेडच्या बोल्टचा टॉर्क नसतो. तो ज्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, ते ग्राहकाच्या हाती दिले जात नाही.

या कुलुपावर एकदा घाव पडला होता. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळत नाही, हा तिचा गाभा होता. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यावेत, स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने द्यावीत, केवळ बाहेर काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे आदेशही दिले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्याबाबतचा दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र घटवला. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, आयोगापुढचा वाद कंपनी आणि स्वतंत्र गॅरेज यांच्यातला होता. घराच्या अंगणात पाना घेऊन बसलेला मालक त्यात नव्हताच.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा तिच्या चार क्षेत्रांत शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनेही होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. कंपन्यांचे दूरध्वनी, सर्व्हिस सेंटरचे पत्ते, वॉरंटीच्या अटी असा मजकूर एकत्र आणण्याचा त्यामागचा उद्देश चांगला होता. परंतु माहिती देण्याचे बंधन कायद्याने घातले नाही, तोवर कंपनी देईल तेवढेच मिळते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’साठी दुसरी समिती बसली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग किती मिळतात, माहिती किती खुली, यावर तिला गुण द्यायचे, अशी ही कल्पना आहे. तिची सुरुवात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून करण्यात आली आहे. मोटारी त्या यादीत नाहीत.