बसवा आणि विसरा?

नातवाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी प्रोटीन स्किमर घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "काका, बसवा आणि विसरा!" अहो, याच 'विसरा'पायी गेल्या वर्षी दोन मासे गेले, पोरगं रात्री जेवलं नाही. पाण्यात विरघळलेली घाण बारीक बुडबुड्यांना चिकटून फेसातून वर चढते. पण कपाच्या गळ्याला चिकट थर बसला की फेस चढतच नाही. तो तीन-चार दिवसांनी पुसायलाच हवा, तोही साबणाशिवाय. पंप दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात. खोक्यावरचे '५०० लिटर'ही बहुधा मोजक्या माशांचा हिशेब. आमच्या २०० लिटरमध्ये सात मासे आणि नातू खाणं टाकतो मूठभर! (आजीवर गेलाय.) म्हणून तो ५०० लिटरवालाच घेतला, आणि घरी येऊन आधी जुना टूथब्रश शोधला.